मॅडमनी रजा दिली नाही

समजा, तुम्हाला एका मुलासाठी जामीन राहायचं आहे. तो तुमच्या नात्यातला नाही. त्याची तुमची ओळख म्हणजे मंडळाच्या गणपतीत त्याने उचललेल्या खुर्च्या आणि त्यावर तुम्ही म्हटलेलं 'थँक यू रे'. किती वेळ लागेल ते कोणी सांगत नाही, म्हणून तुम्ही पर्समध्ये बिस्किटाचा पुडा टाकून निघाला आहात आणि सिंगापूरच्या कोर्टात जामिनाच्या खिडकीसमोर नंबर घेऊन बसला आहात. नंबर लागतो. काचेपलीकडची बाई तुमचं ओळखपत्र बघते. नागरिक किंवा पीआर, म्हणजे इथले कायमचे रहिवासी, असाल तरच पुढे. तुमच्यावर खटला नाही ना? दिवाळखोरी नाही ना? पैसे तुमचे स्वतःचेच ना? मग ती एकेक अट वाचते आणि प्रत्येक अटीनंतर थांबून तुमच्याकडे बघते. हा माणूस प्रत्येक तारखेला हजर राहील हे तुम्ही बघायचं. त्याच्याशी रोज बोलायचं. परवानगीशिवाय तो देशाबाहेर जाणार नाही याची काळजी घ्यायची. त्याचा पत्ता लागेनासा झाला तर एका दिवसाच्या आत पोलिसांना कळवायचं. तो पळाला तर पैसे सरकारजमा. समजलं? दर वेळी मोठ्याने 'येस' म्हणायचं. नुसती मान हलवलेली चालत नाही.

म्हणालात? आता सही करा आणि बसा. बऱ्याच वेळाने बाजूच्या दारातून तो येईल. हातात पारदर्शक पिशवी, पिशवीत पट्टा, घड्याळ, बुटांच्या नाड्या. तो तुमच्याकडे बघेल.

सुलेखा राजाध्यक्षांनी हे सगळं केलं तेव्हा त्या एकसष्ट वर्षांच्या होत्या. पिशवी सावरत निहार चौगुले म्हणाला, "काकू, सॉरी." त्या म्हणाल्या, "आधी नाड्या घाल. पडशील."

सुलेखाताईंचा सगळा जन्म दुसऱ्याच्या सह्या तपासण्यात गेला होता. त्या लग्न होऊन सिंगापूरला आल्या, एका बँकेच्या इंटर्नल ऑडिटमध्ये लागल्या आणि तिथूनच निवृत्त झाल्या. मंडळाचा खजिनदार सारंग त्यांच्याकडे हिशेब दाखवायला येताना म्हणे आधी सिराँगून रोडच्या देवळात जाऊन यायचा. ही गोष्ट त्यांचे यजमान शिरीषरावच सगळ्यांना सांगायचे, आणि सुलेखाताई तेवढं खोटं चालवून घ्यायच्या. मरीन परेडच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये एका खोलीत अजून फाइलींचं कपाट, टेबल आणि फिरती खुर्ची होती. मुलगी जाई जुरोंग ईस्टला राहायची आणि आली की म्हणायची, "आई, धिस इज नॉट अ होम लाह, धिस इज अ ब्रांच."

निहार सांगलीचा. आंग मो किओमधल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत तो नोकरीला होता. कंपनीच्या मालकाने कामगारांच्या पासमध्ये, म्हणजे इथे राहून नोकरी करायच्या परवान्यांमध्ये, काहीतरी घोळ करून ठेवले होते. निहारचा पास रद्द झालेला होता आणि निहारला सांगितलं होतं की नवा पास येतोय, तू कामावर येत राहा. तो येत राहिला. मग एका सकाळी इमिग्रेशनचे अधिकारी मालकाला शोधत आले. मालक सापडला नाही. पास नसलेला, काही आठवडे बेकायदा राहिलेला, नेमाने नऊ वाजता हजर होणारा निहार सापडला.

त्याच्याबरोबर खोलीत राहणारा अमेय सगळीकडे फोन करत सुटला. त्याला वाटलं होतं, सिनेमात दाखवतात तशी एखादी कंपनी असेल. थोडे पैसे भरायचे, बाकीचे ती भरते, माणूस बाहेर. निहारच्या वकील मिस नायर यांनी त्याला समजावलं की इथे तसलं दुकान नाही. इथलाच माणूस लागतो, आणि तोही स्वतःच्या पैशांनिशी. अमेय स्वतः पासवर होता, त्यामुळे त्याची सही चालणार नव्हती. त्याने मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं आणि बराच वेळ तिथे नुसत्या निळ्या खुणा उमटत राहिल्या. मग एकाचं पीआरचं नूतनीकरण निघालं. एकाचा मुलगा आर्मीत जायचा होता, अशा वेळी नाव कुठे यायला नको. एकाने हात जोडल्याचं चित्र टाकलं. सारंग तेवढा मनापासून म्हणाला, "वर्गणी काढू या! प्रत्येकी थोडे थोडे. कोणालाच जड नाही."

तेही चालणार नाही, असं मिस नायर म्हणाल्या. ज्याची सही आहे, नुकसान त्याचंच व्हायला हवं. ते दुसऱ्याने भरून देण्याचं आतून ठरवणं हासुद्धा गुन्हा आहे. "पैसे सगळ्यांचे असले तर त्या मुलावर लक्ष कोण ठेवेल? कोणीच नाही. कायद्याला तुमचे पैसे नकोयत मिस्टर सारंग. कायद्याला तुमची झोप हवी आहे."

हे वाक्य अमेयने सुलेखाताईंना फोनवर जसंच्या तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "बाई हुशार दिसतेय. तिचा नंबर दे."

जाईला कळलं तेव्हा ती चिडली. "आई, यू डोन्ट इव्हन नो हिम! रिटायरमेंटचे पैसे आहेत ते."

"त्याने गणपतीत शेवटच्या दिवशी हॉलमधली भांडी घासली होती. सगळे फोटो काढत होते तेव्हा."

"दॅट्स इट? भांडी?"

"ऑडिटला तेवढं पुरतं," सुलेखाताई म्हणाल्या. शिरीषराव पेपरामागून हसले. पण सही करायच्या आदल्या दिवशी त्यांनी दोनदा विचारलं, "सुलू, नक्की ना?"

बाहेर आल्यावर निहारने पहिली गोष्ट मागितली ती फोनचा चार्जर. आईला फोन करायचा होता. ती सांगलीला एकटीच राहायची. शाळेतून निवृत्त झालेल्या शुभदाबाई चौगुले. नवरा लवकर गेला, हा एकुलता एक. तो कोठडीत होता तेवढे दिवस अमेयने तिला 'तो ऑफिसच्या टूरवर आहे, तिकडे रेंज नाही' असं सांगितलं होतं.

"आईला यातलं काही कळता कामा नये, काकू. बीपी आहे तिला. शपथ आहे तुम्हाला."

"मी कशाला सांगायला जाते? तू बोल."

तो त्या कपाटाच्या खोलीत जाऊन बसला. सुलेखाताई चहा घेऊन गेल्या आणि ट्रेसकट व्हिडिओच्या चौकटीत सापडल्या. पलीकडून आवाज आला, "कोण रे त्या?"

निहारने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, मागच्या फाइलींकडे पाहिलं आणि म्हणाला, "आमच्या मॅडम. ऑफिसातच आहे मी."

खोट्या व्हाउचरवर ज्यांनी उभ्या आयुष्यात सही केली नव्हती, त्या बाईने ट्रे खाली ठेवला, पदर नव्हता तरी खांद्यावरून हात फिरवला आणि म्हटलं, "नमस्कार. चांगलं काम करतो हं तुमचा मुलगा."

"नमस्कार मॅडम! स्वतः चहा आणता होय? इकडं आमच्या हेडमास्तरीणबाईंनी कधी कपही उचलला नाही," शुभदाबाई खळखळून हसल्या. "वाळलाय हो तो. डबा आणतो की नाही? तेवढं बघा की."

"बघते."

"आणि दिवाळीला रजा द्या त्याला. दोन वर्षं झाली."

"बघते हं."

फोन बंद झाल्यावर दोघंही हसायला लागले. शिरीषराव दारात येऊन म्हणाले, "वा! कंपनी उघडलीत की. मी कोण, शिपाई?" आणि ते हसणं लांबत गेलं. कोठडीतून आलेल्या मुलाला हसताना बघून सुलेखाताईंना बरं वाटलं. आपण काहीतरी सुरू करून ठेवलं आहे असं त्यांच्या मनातही आलं नाही.

त्यानंतर एक शिस्तच लागली. रोज संध्याकाळी निहारचा फोन यायचा. "काकू, निहार. आहे." "बरं." एवढंच संभाषण. त्याला स्पेशल पासचा एक कागद मिळाला होता. त्यावर राहता यायचं, नोकरी करता यायची नाही. पासपोर्ट जमा. मालकाचा तपास संपेपर्यंत याची तारीख पुढे पुढे जाणार होती. हात रिकामे, म्हणून तो अमेयच्या खोलीतले पंखे पुसायचा, आणि रविवारी मरीन परेडला येऊन सुलेखाताईंच्या हातचं माशाचं कालवण जेवायचा. मग इस्त्रीचा शर्ट चढवून कपाटासमोर बसायचा आणि आईला फोन लावायचा; रविवारीही ऑफिस चालू असतं असं त्याने तिला सांगून ठेवलं होतं. मॅडम अधूनमधून डोकावायच्या. दिवाळीला रजा मिळाली नाही. मोठं रिलीज होतं, असं मॅडमनीच सांगितलं. शुभदाबाई म्हणाल्या, "असू दे, असू दे. कामाच्या ठिकाणी काम आधी. मी काय, इथंच आहे."

डिसेंबरात एका सकाळी सुलेखाताई मार्केटमध्ये पापलेट साफ करून घेत होत्या तेव्हा भारतातून फोन आला.

"मॅडम, मी संजीवनी. निहारची मावशी. त्यानं तुमचा नंबर ताईला दिला होता, अडीनडीला म्हणून. बोलू का? कामात आहात का?"

"बोला ना."

"निहार जवळ नाही न्हवं?"

"नाही."

मग ती बोलली. ताईच्या पोटात दुखायचं ते साधं नव्हतं. मिरजेला दाखवलं. पसरलंय म्हणाले. ऑपरेशनचा उपयोग नाही. दोन-तीन महिने म्हणतायत डॉक्टर, पण ते काय, आपलं म्हणायचं म्हणून म्हणतात. मावशी रडत नव्हती. रडून झालेल्या माणसासारखं सरळ बोलत होती.

"त्याला सांगू नका मॅडम. ताईनं वचन घेतलंय माझ्याकडून. म्हणते, पोरगं आहे तसं टाकून पळत येईल, हातातली नोकरी जाईल, आणि मी तर राहणार नाहीच, मग त्याला काय उरलं? तुम्ही आपलं असं करा, तुमच्या मनानंच त्याला रजा द्या. ऑफिसला सुट्टी आहे म्हणा. काहीही म्हणा. तो आपल्या पायानं येऊन भेटून जाऊ दे. तुमच्या हातात आहे ते."

मासेवाली आंटी पिशवी पुढे करून "सिस्टर, सिस्टर" म्हणत होती. सुलेखाताईंनी पिशवी घेतली आणि म्हणाल्या, "त्याला नाही सांगत. बघते. काहीतरी करते."

घरी येईपर्यंत त्यांच्या लक्षात आलं की दोन शपथा एकमेकींत अडकल्या आहेत. आईचं दुखणं मुलाला सांगायचं नाही. मुलाचा खटला आईला सांगायचा नाही. आणि दोन्हीकडचं माहीत असलेली, दोन्हीकडे गोड बोलणारी जगातली एकच बाई होती.

त्यांनी मिस नायरना विचारलं. तसा मार्ग आहे, असं त्या म्हणाल्या. कोर्ट परवानगी देऊ शकतं. हॉस्पिटलचं पत्र लागेल, जाण्यायेण्याचं तिकीट लागेल, जामिनाची रक्कम बहुधा वाढवतील. अर्जावर सही निहारची. "आणि तुमची संमती, मिसेस राजाध्यक्ष. ती नसेल तर काहीच नाही. तो परत आला नाही तर कोर्ट तुम्हालाच विचारणार."

"त्याला न सांगता अर्ज करता येईल?"

"स्वतःच्याच अर्जावर तो कशासाठी सही करतोय हे त्याला न सांगता?"

मावशीकडे त्यांनी हॉस्पिटलचं पत्र मागून पाहिलं. मावशी दुखावली. "कागद कशाला मॅडम? खोटं सांगेन का मी असलं?" कशाला ते सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. सुलेखाताई म्हणाल्या, "नाही हो, ऑफिसचा नियम असतो," आणि विषय तिथेच थांबला.

त्या रात्री जेवताना शिरीषराव म्हणाले, "सांगून टाक त्याला."

"मावशीला शब्द दिलाय."

"शब्द दिलाय, का भीती वाटतेय?"

त्यांनी भात वाढून घेतला. जानेवारीच्या उत्तरार्धात तारीख होती. मालकाविरुद्धचे कागद पूर्ण झाले आहेत, त्या दिवशी निहारवरचा आरोप मागे घेतला जाण्याची चांगलीच शक्यता आहे, असं मिस नायर म्हणाल्या होत्या. मग ना अर्ज, ना संमती. मुलगा मोकळा होऊन आईकडे जाईल, आईच्या लेखी नोकरीवरून येईल, कोणाचीच शपथ मोडणार नाही. डॉक्टर दोन-तीन महिने म्हणतायत. मध्ये फक्त काही आठवडे आहेत. ऑडिटमध्ये असा ताळा जमला की त्या पेन्सिल खाली ठेवत. इथेही त्यांनी ठेवली.

जाईने मात्र सोडलं नाही. "आई, बी ऑनेस्ट. त्याला सांगितलंस आणि तो पळाला तर?"

"पळणार नाही तो."

"देन टेल हिम, लाह."

सुलेखाताई उठून बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी घालायला गेल्या. सकाळी घातलेलंच होतं.

त्यानंतरच्या रविवारी निहार जेवता जेवता म्हणाला, "आईचा आवाज बारीक झालाय. घसा बसलाय म्हणते."

"थंडी असेल तिकडे."

"असेल." त्याने कालवणाची वाटी पुढे केली. त्यांनी त्याला दोन तुकडे जास्त वाढले. जेवून झाल्यावर त्याने फोन लावला तर पलीकडे चित्र येत नव्हतं. मावशी म्हणाली, नेटवर्क नाही. मग शुभदाबाईंचा आवाज आला, लांबून आल्यासारखा. इकडचं तिकडचं बोलून झालं. "मॅडम आहेत का रे तिथं?"

सुलेखाताई दारातच होत्या. "आहे, बोला."

"मॅडम, मी कुणाकडं कधी काही मागत नाही. दिवाळीला नाही जमलं, राहू दे. संक्रांतीला तेवढं बघा. दोनच दिवस. तिळगूळ घेऊन लगेच माघारी पाठवते त्याला. मास्तरीण आहे मी, हजेरी काय असते मला कळतं."

निहारने 'काहीतरी म्हणा' अशी खूण केली. तो हसत होता. त्याला वाटत होतं हे त्यांचं नेहमीचंच नाटक चाललं आहे.

"बघते हं," सुलेखाताई म्हणाल्या. "नक्की बघते."

संक्रांतीला अजून आठवडा होता. सकाळची भांडी आवरत होत्या तेव्हा मावशीचा फोन आला. पहाटे गेली. झोपेतच. डॉक्टरांनाही वाटलं नव्हतं इतक्यात.

निहारला त्यांनीच बोलावून घेतलं. फोनवर काही सांगितलं नाही. तो बसने आला, चपला काढताना म्हणाला, "तारीख बदलली का काकू?" शिरीषरावांनी त्याला खुर्चीत बसवलं. सांगितलं सुलेखाताईंनी. त्याने एकदाच विचारलं, "कशाने?" आणि त्या म्हणाल्या, "आजारी होत्या." कधीपासून, हे त्याने विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही.

मग त्याने मावशीला फोन लावला. तो सारखं "हो, हो" म्हणत होता. तिकडे सगळे जमले होते, एकच प्रश्न होता. निघतोयस ना? उद्या सकाळपर्यंत थांबू आम्ही. बर्फाची सोय करू. मुलाच्या हातूनच अग्नी दिला पाहिजे.

मिस नायर कोर्टात अर्ज टाकायला धावल्या होत्या, पण तो उद्याच पुढे येणार होता, आणि उद्या हो म्हणाले तरी पासपोर्ट, तिकीट, मुंबई, तिथून सांगली. निहार भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "थांबू नका मावशी. दादाला द्यायला सांग." आणि थोड्या वेळाने, "रजा नाही मिळत ग."

आई गेली तरी त्याने तिला सांगितलेलं खोटं मोडलं नाही. मग मावशीचा आवाज इतका चढला की स्वयंपाकघरात ऐकू आला. "दे! त्या बाईला फोन दे!"

सुलेखाताई फोन घेऊन बाल्कनीत गेल्या आणि त्यांनी मागचं दार ओढून घेतलं.

"माणूस आहात का कोण आहात हो तुम्ही? तुम्हाला मी सांगितलं होतं. हात जोडून सांगितलं होतं. शेवटच्या दिवशी शुद्ध नव्हती तरी ती म्हणत होती, मॅडम बघते म्हणाल्यात, मॅडम बघते म्हणाल्यात. काय बघितलंत? तुम्हाला आई नव्हती का?"

खाली रस्त्यावर शाळेच्या बसमधून मुलं उतरत होती. सुलेखाताईंनी सगळं ऐकून घेतलं. खरं काय ते सांगून सुटका करून घेणं त्यांना सहज शक्य होतं. एका वाक्याचं काम होतं. पण ते वाक्य निहारचं होतं, आणि तो आत बसून होता. त्या म्हणाल्या, "चुकलं माझं."

"चुकलं म्हणे," मावशीने फोन ठेवला.

संध्याकाळी त्या दादाने, चुलतभावाने, अग्नी दिला. कोणीतरी फोन उंच धरून दाखवत होतं. धूर आणि माणसांच्या पाठी याखेरीज त्यात फारसं काही दिसत नव्हतं. निहार त्या कपाटासमोरच्या खुर्चीत बसला होता. सवयीने त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता.

दुसऱ्या दिवशी कोर्टाने परवानगी दिली. जास्तीची रक्कम सुलेखाताईंनी आपल्याच खात्यातून भरली, संमतीच्या ओळीवर सही केली, न्यायाधीशांनी दोन प्रश्न विचारले आणि पुढचं प्रकरण पुकारलं गेलं. बाहेर येऊन मिस नायर म्हणाल्या, "पाहिलंत? कागद नीट असले की एवढंच असतं." त्या चांगल्या मनानेच म्हणाल्या. सुलेखाताई कॉरिडॉरमधल्या बाकावर बसल्या. एवढंच. एक पत्र, दोन सह्या, दोन प्रश्न. शुभदाबाई तेव्हा बोलत होत्या, ओळखत होत्या, तिळगुळाचं म्हणत होत्या.

निहार गेला. तिथूनही तो रोज संध्याकाळी फोन करायचा. "काकू, निहार. आहे." "बरं." दहाव्याच्या दिवशी फोन आला नाही. सुलेखाताईंनी लावून पाहिला, बंद होता. त्या दिवशी मावशी त्याच्याजवळ बसली असणार, हे त्यांना न सांगताच कळलं. घरात आता सगळे बोलत असणार. तुझ्या मॅडमला मी डिसेंबरातच सांगितलं होतं.

सकाळ झाली तरी फोन नाही. मिस नायर म्हणाल्या, दुपारच्या आत पोलिसांना कळवायला हवं, तुम्ही तसं लिहून दिलं आहे. शिरीषराव म्हणाले, "पैसे गेले तर जाऊ देत, सुलू. खरंच जाऊ देत." सुलेखाताई कपडे बदलून, पर्स घेऊन पोलिसांकडे निघाल्या. त्यांना आतून बरं वाटत होतं, आणि त्या बरं वाटण्याची त्यांना लाज वाटत होती. तो आलाच नाही तर हिशेब मिटणार होता. त्याने आपलं घेतलं, आपण आपलं दिलं.

लिफ्टमधून बाहेर पडताना फोन वाजला. "काकू, निहार. काल फोन केला नाही."

"हो."

"येतोय. ठरल्याप्रमाणे."

तो विमानतळावरून सरळ मरीन परेडला आला. डोक्याचे केस काढलेले, चेहरा एकदम लहान मुलासारखा. पाणी प्यायला. पेला खाली ठेवून म्हणाला, "मावशीने सांगितलं. तुम्हाला डिसेंबरपासून माहीत होतं."

"हो."

"मीही तिला सांगितलं. कोर्ट, जामीन, सगळं." त्याने पेला बाजूला सारला. "ती म्हणाली, ताईला आधी कळलं असतं तर निदान रजेची वाट बघत बसली नसती."

सुलेखाताईंनी तोंड उघडलं. आपण का सांगितलं नाही हे सांगायचं तर आधी ते स्वतःला ठाऊक हवं. तारीख जवळ होती म्हणून? शब्द दिला होता म्हणून? का त्या खिडकीपाशी मोठ्याने म्हटलेले सगळे 'येस' तेव्हापासून त्यांच्या छातीवर बसले होते म्हणून? निहारने वाट पाहिली नाही. तो म्हणाला, "उद्या कोर्टात किती वाजता निघायचं?"

दुसऱ्या दिवशी आरोप मागे घेतला गेला. ताकीद मिळाली, देश सोडायला थोडे दिवस मिळाले. जामिनातून सुलेखाताई मोकळ्या झाल्या. त्याच खिडकीतली बाई पैसे खात्यात परत येतील म्हणाली. जायच्या दिवशी निहार पाया पडला, आधी शिरीषरावांच्या, मग त्यांच्या. त्यांनी त्याच्या नुकतेच केस फुटत असलेल्या डोक्यावर हात ठेवला. मग टॅक्सी आली.

आता संध्याकाळी फोन येत नाही. यायचं कारणही नाही. कायद्याने ते काम संपलं आहे. अमेयकडून कळतं की निहार पुण्याला नोकरीला लागला आहे, बरा आहे. सुलेखाताई मंडळात जातात, सारंगचे हिशेब बघतात, पूर्वीइतक्या चुका काढत नाहीत. सारंगला वाटतं त्या थकल्या.

एकदा भाजी निवडताना त्या मध्येच थांबल्या आणि शिरीषरावांना म्हणाल्या, "त्या एका दिवशी त्याने फोन बंद ठेवला, तेव्हाच त्याला कळलं होतं. मी काय केलं ते. तिकडे तो घरी होता, स्वतःच्या माणसांत. कोणी त्याला पकडून आणणार नव्हतं. गेले असते ते आपले पैसे, आणि माझेच जायला हवे होते. हे सगळं त्याला दिसत होतं, शिरीष. मग तो परत का आला?"